उजव्या खांद्याची शिवण

मित्रांनो, रोज संध्याकाळी मला उचलतात आणि आपटतात. मी त्याच कामासाठी जन्मलो. कुस्तीच्या सरावासाठी शिवलेला मी एक बाहुला आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. आपटण्याचं मला काही वाटत नाही. मला भीती वाटते ती माझ्या कानाची.

मला काकूंनी शिवलं. काकू म्हणजे आम्हाला कुस्ती शिकवणाऱ्या सरांची बायको. जाड कॅनव्हासचं कापड, आत चिंध्या आणि रबराचा भुसा, वरून दुहेरी दोरा. सुई बोटाला टोचली की त्या मलाच ओरडायच्या, "हलू नकोस ना मेल्या!" मुलांनी ठरवून टाकलं की हा काकूंचा धाकटा भाऊ. तेव्हापासून मी मामा झालो. "मामा दमलाय, त्याला चहा द्या," असं म्हणत मला भिंतीला टेकवून ठेवायचे.

स्पर्धा जवळ आली की मुलांचं काही खरं नसायचं. कुणाला उलट्या व्हायच्या, कुणी उगाच भांडणं काढायचं. सर विचारायचे, "भीती वाटते का?" सगळे एका सुरात म्हणायचे, "नाही सर!" काकू हसायच्या. "तुमच्या मिशा बघून पोरं खरं बोलणार होय? मामाला सांगू देत."

अशी आमची एक रीत पडली. स्पर्धेच्या आठवड्यात एकेकाने मला कोपऱ्यात न्यायचं, घट्ट धरायचं, कानाशी आपली भीती सांगायची आणि मग मला आपटायचं. सर तेवढा वेळ पाठ फिरवून उभे राहायचे. "समोरचा केवढा उंच आहे." "बाबा बघायला येणार आहेत, तेच नको वाटतंय." असलं काहीबाही सांगून पोरं हलकी व्हायची. दुसऱ्या व्यायामशाळांतली माणसं मला बघायला यायची. मला फार अभिमान वाटायचा.

मग काकू आजारी पडल्या आणि गेल्या.

नंतर एका दुपारी हॉल रिकामा असताना सर सुईदोरा घेऊन माझ्याजवळ बसले. माझ्या डाव्या खांद्याची शिवण उसवली होती. बहुतेक मुलं मला उजवीकडून फेकतात, म्हणून मी नेहमी डाव्या खांद्यावर पडतो. सरांना सुईत दोरा ओवता येईना. शेवटी त्यांनी वाकडेतिकडे टाके घातले आणि म्हणाले, "तिला कसं झटकन जमायचं रे." काकूंची रीत मात्र त्यांनी जशीच्या तशी ठेवली. तिला हात लावायचा नाही, असंच जणू ठरवलं होतं.

आमच्याकडे एक मुलगी होती. तिला सगळे पक्कड म्हणत. तिने एकदा मनगट धरलं की सोडवणं कठीण. तिचे बाबा कुलपं दुरुस्त करायचे. ते म्हणायचे, "न उघडणारं एकच कुलूप आहे माझ्या घरात, ते म्हणजे ही." त्या वर्षी मोठी निवड स्पर्धा होती. तिची निवड होणार, असं सगळे धरून चालले होते.

स्पर्धेच्या आठवड्यात तिने मला कोपऱ्यात नेलं. सरांनी पाठ फिरवली. ती माझ्या कानाशी वाकली. मग म्हणाली, "मामा, परवा मी डोक्यावर पडले. तेव्हापासून मानेतून उजव्या हातात मुंग्या येतात. बोटं कधीकधी मिटतच नाहीत. सांगितलं तर मला काढतील. तू कुणाला सांगू नकोस." मग तिने मला फेकलं. डावीकडून.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी भ्यालो. रोज ती हॉलमध्ये शिरली की माझ्या आतला भुसा थिजल्यासारखा व्हायचा. मॅटवर कुणी तिच्या मानेला मिठी घातली की मला वाटायचं, आता. ती उठायची, हसायची, उजवा हात हळूच झटकायची. मैत्रिणीने विचारलं, "काय गं, काय झालं?" तर म्हणाली, "डास." सगळ्यांना वाटत होतं, पक्कड छान मोकळी झाली आहे. तिलाही तसंच वाटत असावं. मला सांगितलं म्हणजे सांगून झालं, असं. पण मला सांगितलेलं पुढे कुठेच जात नव्हतं. स्पर्धा जवळ येत होती आणि मी भिंतीला टेकून नुसता बघत होतो.

ती मला रोज डावीकडून फेकत राहिली. मी रोज उजव्या खांद्यावर पडलो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती शिवण फाटली आणि भुसा मॅटवर सांडला.

सर सुईदोरा घेऊन आले. खांदा बघून थांबले. "हा खांदा कसा फाटला?" त्यांनी हॉलभर नजर फिरवली. "मामाला डावीकडून कोण फेकतंय?"

एक मुलगा म्हणाला, "पक्कड फेकते सर. नवीन डाव बसवतेय."

"इकडे ये. माझं मनगट धर. उजव्या हाताने."

तिने धरलं. सरांनी हात नुसता मागे घेतला आणि तो सुटला. सरांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"मामाला सांगितलं होतं," ती म्हणाली आणि रडायला लागली.

संध्याकाळी तिचे बाबा आले. "सर, उद्याची एक कुस्ती तरी खेळू द्या. वर्षभर घासलंय हो पोरीने."

"डॉक्टर बघेपर्यंत ती मॅटवर पाय ठेवणार नाही."

"तुमची स्वतःची असती तर?"

"तर आजपर्यंत पाठ फिरवून उभा राहिलो नसतो," सर म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, मानेत नस दबली आहे, पुन्हा तशी पडली असती तर हात कायमचा गेला असता. निवड दुसऱ्या मुलीची झाली. पक्कड कितीतरी महिने सरांशी बोलली नाही. आता तिच्या मानेचा पट्टा निघाला आहे, ती धावते, पण कुस्तीला अजून परवानगी नाही. कधी मिळेल का, ठाऊक नाही.

सरांनी काकूंची रीत मोडली. ते त्यांना फार जड गेलं, हे मी पाहिलं. आता स्पर्धेच्या आठवड्यात ते मॅटवर मांडी घालून बसतात आणि मुलं समोर बसतात. पहिल्या दिवशी कुणीच तोंड उघडेना. तेव्हा दारातून पक्कड म्हणाली, "सर, मला भीती वाटते. डॉक्टर उद्या हो म्हणाले ना, तरी वाटेल."

सर म्हणाले, "मलाही वाटेल. ये, बस."

मित्रांनो, तुमच्या बाहुल्यांना खुशाल गुपितं सांगा. पण दुखत असेल तर ते माणसाला सांगा. आणि कुणी तुम्हाला सांगितलं, तर गप्प राहू नका. मी गप्प होतो, कारण मी चिंध्यांचा आहे. तुम्ही नाही.