भिंतीकडे फिरवलेली खुर्ची

फिंटन हेहिरने कॉन्सर्टिना मांडीवर घेतली की आमचं गाव हसायला लागतं. बाजाच्या पेटीचं पिल्लू शोभावं असं ते वाद्य. त्यात गावाचा दोष नाही. डब्लिनपासून बोस्टनपर्यंत तो जन्मभर रंगमंचावर हेच करत आला: कॉन्सर्टिना उघडायची, तिच्यात टाय अडकायचा, टाय सोडवताना चष्मा. सूर एकदाही निघाला नाही. मग टीव्हीवरच्या मालिकेत तो गुरांचा डॉक्टर झाला. तेव्हापासून तो घरी आला की दारात गायी उभ्या राहतात. तो त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटतो आणि मालकाला म्हणतो, ‘बघू दोन दिवस.’ बऱ्याच गायी बऱ्या होतात. खरा डॉक्टर त्याच्याशी बोलत नाही.

त्याला खरंच वाजवता येतं, हे फक्त थोरल्या भावाला, कोल्मनला, ठाऊक होतं. त्यानेच शिकवलं होतं. हिवाळ्यात कोल्मनने अंथरुणावरून फिंटनकडून शब्द घेतला.

“मी गेलो की माझी ती संथ चाल गावासमोर वाजव. पुरी. आणि कुणी हसता कामा नये.”

“मग हे गावाला सांग ना.”

“गावाला काय सांगू? हसवणारं तोंड तुझं आहे.”

कोल्मनला पुरून आम्ही पबमध्ये आलो. पॅकी लिलिसने येताना गायही आणली होती. फिंटन भेटतोयच, तर दाखवून टाकू म्हणून. समुद्रावरून धुकं चढत होतं. खिडकीतून आधी दफनभूमी विरघळली, मग रस्ता, मग आमच्या सायकली.

आमच्याकडे गाणाऱ्याने पुढच्याचं नाव घ्यायचं, आणि नाव निघालं की नाही म्हणायचं नाही. कोल्मनची बायको अ‍ॅट्रॅक्टा गायली आणि म्हणाली, “फिंटन.”

“टाय सांभाळ रे!” पॅकी डोळे पुसायला लागला होता.

“आज टाय घातलेला नाही, पॅकी.”

एवढ्यावर अख्खा पब हसून कोसळला. फिंटनने गंभीर चेहरा केला. रंगमंचावर तो हाच चेहरा करायचा. हसू दुप्पट झालं. त्याने हातातली कॉन्सर्टिना खाली ठेवली.

“दुसऱ्या कुणाचं नाव घे, बाई. मला नाही जमणार.”

“नाव एकदाच घेतात. ऊठ.”

तिने त्याची खुर्ची फिरवली, कॉन्सर्टिना परत हातात दिली आणि त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. आमचे जुने गवई असेच गायचे. लाजेने, की भिंत शेरे मारत नाही म्हणून, देव जाणे.

त्याच्या पाठीला विनोद येत नव्हता.

चाल सुरू झाली. ओल्या गवतातून कुणीतरी चालत येतंय, पोचायची घाई नाही, अशी. धुकं आत आलं असावं, कारण समोरचे लोक मला पुसट दिसायला लागले. पॅकीचा चमचा चहात थांबला. दारातून गायीने डोकं आत घातलं होतं.

चाल संपली. कुणी हसलं नाही. टाळ्याही नाहीत. आता नाव घ्यायची पाळी फिंटनची. भिंतीकडेच बघत तो म्हणाला,

“कोल्मन.”

नियम म्हणजे नियम. नाही म्हणता येत नाही. अ‍ॅट्रॅक्टाने उठून आणखी एक खुर्ची भिंतीकडे फिरवली, आणि आम्ही सगळे थांबलो.