टेल्युरियमवाल्याची पडवी

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत सोन्याला कोणी नाक मुरडत नाही. त्याच दगडातून येणाऱ्या टेल्युरियमला मात्र सगळं गाव नाक मुरडतं. ते कणभर अंगात गेलं तरी माणसाच्या श्वासाला महिनोन्महिने लसणाचा वास येतो, आणि ज्याच्या श्वासाला येतो त्याला स्वतःला तो कळत नाही. जेबेझ रंडलने खाणीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं तो दगड कुटला, भाजला, तोलला. बावीस वर्षं तो पडवीतल्या लोखंडी खाटेवर झोपला. थर्झा, त्याची बायको, आत.

खाटेच्या डोक्याशी त्याने मूलद्रव्यांची आवर्तसारणी टांगली होती. डावीकडे धातू, उजवीकडे अधातू, आणि मधून जिन्यासारखी उतरणारी जाड रेघ. रेघेला लागून बोरॉन, सिलिकॉन, आर्सेनिक, टेल्युरियम अशी मंडळी.

"हे धातुसदृश," तो पाहुण्यांना सांगायचा. "चमकतात धातूसारखे, पण हातोडा मारला की भुगा. धड इकडचे नाहीत, धड तिकडचे नाहीत."

"तुझ्यासारखेच," थर्झा म्हणायची. "धड घरात नाही, धड रस्त्यावर नाही."

पाहुणे हसायचे. तिला हसू येत नसे. खाट करकरली की तो कोणत्या कुशीवर वळला हे तिला भिंतीपलीकडून कळायचं. आपल्याच नवऱ्याची इतकी ओढ लागावी, याची तिला या वयात लाज वाटायची. पण ओढ होती, आणि ती काही केल्या कमी होत नव्हती.

मार्चमध्ये जेबेझ निवृत्त झाला. जुलैची थंडी पडली तरी पडवी सोडेना. "वास गेल्याशिवाय नाही," एवढंच म्हणायचा. शेवटी एका दुपारी जेवताना थर्झाने ठोकून दिलं, "गेला रे तुझा वास. पार गेला."

वास होता.

"खरंच?"

"मी कशाला खोटं बोलू? आजपासून आत झोप."

जेबेझने तोंड पुसलं, टोपी घातली आणि हॉटेलकडे निघाला. थर्झाने कपाळावर हात मारला. टेल्युरियमवाला बायकोच्या नाकावर कधी भरवसा ठेवतो का! हॉटेलात टेल्युरियमवाल्यांचा बाक वेगळा, मागच्या दाराशी. त्या बाकावरून सुटका हवी तर बारवाल्या क्लॅरीच्या तोंडावर श्वास सोडायचा. त्याने ग्लास आतल्या टेबलावर ठेवला, तरच माणूस मोकळा.

तासाभराने जेबेझ परत आला. टोपी हातातच होती.

"मागच्या बाकावर ठेवला ग्लास," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर. म्हणाला, अजून दोन महिने तरी. थर्झे, मला वेड्यात का काढलंस?"

"आग लागो त्या क्लॅरीच्या नाकाला."

"वास येतोय ना?"

"येतोय. येऊ दे. मला तू आत हवायस."

"मग तेव्हा बाहेर का काढलंस?"

"मी काढलं?" थर्झाचा आवाज चढला. "मला दिवस गेले होते, पाण्याचीसुद्धा ओकारी येत होती. मी म्हटलं, खिडकी उघड. तू उशी उचललीस आणि चालता झालास!"

जेबेझ बघतच राहिला. "बोलवायचंस मग परत."

"आधी राग होता. मग म्हटलं, येईल आपणहून. मग बोलवायचीच लाज वाटायला लागली." तिचे डोळे भरून आले. "आणि तुझं काय रे? एकदा तरी दार ढकलून बघायचंस. कडी मी कधीच लावली नाही."

तो पडवीत जाऊन उशी घेऊन आला आणि खोलीच्या मधोमध उभा राहिला, कुठे ठेवायची ते न कळल्यासारखा. पलंगाच्या त्याच्या बाजूला इस्त्रीचे कपडे आणि विणकामाची टोपली होती. थर्झाने सगळं उचलून खाली ठेवलं.

जेबेझ आडवा झाला, आणि तिला वास येऊ नये म्हणून भिंतीकडे तोंड करून पडला. थर्झाने त्याचा खांदा धरला आणि त्याला आपल्याकडे वळवलं.