गंध्यांचा अशिष्ट अर्ज

संदेशात अशिष्ट शब्द आढळल्यामुळे तो स्वीकारता येत नाही, एवढंच त्या परत आलेल्या ईमेलमध्ये लिहिलं होतं. भालचंद्र गंधे यांनी आपला अर्ज चार वेळा वाचून काढला. अशिष्ट काय लिहिणार हा माणूस! बायकोचा डोळा वाचवा, एवढंच तर लिहिलं होतं.

मालतीबाईंचा उजवा डोळा आधीच गेला होता आणि आता डाव्याचा पडदा सुटू लागला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, पंधरा दिवसांत ऑपरेशन झालं पाहिजे, तेही नागपूरला. तो खर्च गंध्यांना पेलणारा नव्हता. कारखान्यातून निवृत्त झालेल्यांना वैद्यकीय कक्षाचं परवानगीपत्र मिळालं की खर्च कारखाना उचलायचा, पण अर्ज फक्त ईमेलने करायचा, इंग्रजीत, आणि नाव रेकॉर्डवर असेल तेच हवं.

गंध्यांनी एकेक शब्द बदलून पाहिला. अर्ज परतच. चौथ्या दिवशी साकेत नगरातल्या घरून स्कूटर काढून ते कारखान्याच्या टाउनशिपमधल्या ऑफिसात जाऊन थडकले.

कक्षातल्या शंकर तिवारीने स्क्रीनवर नजर टाकली आणि बिचारा लाजून चूर झाला. "बाबूजी, बुरा मत मानिए. आपके सरनेम के पहले चार अक्षर... अंग्रेजी में पढ़िए. हिंदी की गाली बनती है."

गंध्यांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, गंध है वो! माथे पे लगाते हैं!"

"सिस्टम को क्या मालूम?"

"फिर गांधी लिखनेवाला क्या करता है?"

"गांधीनगरवालों की बहुत शिकायतें आईं, तो उनको छूट मिल गई. आपकी तो एक ही शिकायत है."

"तो ये कागज ले लो."

"कागज बंद है, बाबूजी."

शंकरच्या सांगण्यावरून त्यांनी आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला 'ए' गाळला. अर्ज गेला. पाच दिवसांनी उत्तर आलं, नाव रेकॉर्डशी जुळत नाही. मग आडनावाला सूट मागणारा अर्ज वरच्या ऑफिसला गेला. ज्यांनी ही अशिष्ट शब्दांची यादी केली त्यांच्या बापाचं काय जात होतं! सूट मिळाली तेव्हा पंचविसावा दिवस उजाडला होता, आणि सव्विसाव्या दिवशी परवानगीपत्र आलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी डोळा तपासला आणि मालतीबाईंना बाहेर बसायला सांगितलं. आता उपयोग नाही, ते गंध्यांना म्हणाले, दहा दिवस आधी आणायला हवं होतं.

परतल्यावर आठवड्याभरात कक्षाचा ईमेल आला. आमच्या सेवेबद्दल आपल्या भाषेत दोन शब्द लिहा.

गंधे फोन घेऊन बसले. मग त्यांनी मोजून दोन शब्द लिहिले, कारखान्यात चौतीस वर्षं कानावर पडलेले, हातून कधी न लिहिलेले. देवनागरीत, स्वच्छ, शुद्धलेखनाची चूक न करता.

"अहो, कुणाला लिहिताय?" भिंत चाचपत मालतीबाई बाहेर आल्या.

"कक्षाला."

"परत येईल बघा."

फोन वाजला. आपला अभिप्राय स्वीकारला आहे, धन्यवाद.

"नाही आला," गंधे म्हणाले. "घेतला त्यांनी."

"बरं झालं बाई," मालतीबाई म्हणाल्या. "सुधारले म्हणायचे."