घरी उरतं

तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं, डबा फडक्यात बांधला आणि मुलीला घेऊन वीटभट्टीची वाट धरली. नवरा डबा विसरून गेला होता. राबणारा माणूस उपाशी राहील, या काळजीने तिचे पाय भराभर पडत होते. भाताचं पातेलं डब्यात रिकामं व्हायचं आणि मायलेकींची दुपार भाताच्या पेजेवर निघायची, हे घरात आपोआप ठरलं होतं. अशा गोष्टी आपोआप ठरतात आणि चिमटा मात्र नेमका बाईच्याच पोटाला बसतो.

भट्टीवर जेवणं उरकली होती. नवरा विटांच्या गाडीबरोबर शहरात गेला होता, तिथून परस्पर घरी जाणार होता. स्वयंपाकीणबाई भलंमोठं पातेलं घासत बसली होती.

“एवढी तंगडतोड कशाला केलीस?” ती म्हणाली. “हंगाम लागल्यापासून मालकच जेवण देतो की. जेवूनच गाडीत बसला तुझा नवरा.”

डबा पाहून भट्टीचा कुत्रा धावत आला आणि तिच्यापुढे शेपूट हलवत बसला. चांगला गुटगुटीत होता.

“याला रोज तुमच्या डब्यातलं असतं ना,” बाई हसली. “मी विचारलं, डबा आणतोस कशाला? तर म्हणाला, घरी उरतं. तेव्हापासून सगळे त्याला जमीनदारच म्हणतात.”

तिच्या अंगाची लाही लाही झाली. तरी ती बाईबरोबर थोडी हसली. नवऱ्याची अब्रू अजूनही तिलाच झाकावी लागत होती, याचा तिला जास्त संताप आला.

परतताना एका झाडाखाली बसून तिने डबा उघडला. मुलीने भाताला हात लावला नाही.

“बाबांना?”

“त्यांचं झालंय. जेव.”

दोघींनी डबा पुसून खाल्ला.

संध्याकाळी तिने तिन्ही ताटं एकदमच वाढली, सारखी. नवऱ्याने आपल्या ताटाकडे पाहिलं.

“डबा राहिला घरी,” तो म्हणाला. “दिवसभर पोटात कावळे ओरडतायत. एवढंसंच?”

मुलीने सवयीने आपला भात मुठीत घेऊन त्याच्या ताटाकडे हात नेला. आईने तो वाटेतच धरला आणि पुन्हा तिच्या ताटावर आणून ठेवला.

“खाऊ दे तिला,” ती म्हणाली. “आपल्या घरी उरत नाही.”

नवऱ्याचा घास हातातच राहिला. ती मान खाली घालून जेवू लागली.