थोरलीनं स्वतःला दिलेले गुण

त्या काळी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात सगळं हातानं चालायचं. दोघी जावा एकाच टेबलाशी बसत. थोरली छापून आलेल्या कागदांना घड्या घाली, धाकटी ते शिवी.

मुकादम निवृत्त होणार होता. मालकीणबाईंनी जुन्या कामगारांना एकेक कागद दिला. काय काय येतं ते लिहा आणि स्वतःच स्वतःला दहापैकी गुण द्या. त्यातून मुकादम निवडायचा, नाहीतर बाहेरून आणायचा.

थोरलीला ती जागा मनापासून हवी होती. बावीस वर्षं वाकून मान आखडली होती. पण कागदावर तिनं लिहिलं, 'घडी घालणे. दोन गुण.'

धाकटीनं कपाळावर हात मारला. "जाऊबाई, दोन गुणांत गाढवसुद्धा नापास होईल!"

"मग काय, आपणच आपली पाठ थोपटायची?"

"दुसरं कोण थोपटणार? मास्तर? तो स्वतःची थोपटूनच दमलाय."

मास्तर म्हणजे कागद कापायच्या हातयंत्रावरचा माणूस. मुकादमकीवर त्याचाही डोळा होता.

धाकटीनं खडू उचलला. "आज दिवसभर कुणी तुम्हाला 'जरा बघता का' म्हणालं, की मी टेबलावर रेघ ओढणार. तुम्ही गप्प बसून काम करा."

खळ पातळ झाली का, बघा. पानांचा क्रम चुकलाय का, बघा. पुठ्ठा वाकतोय, का ते सांगा. नवी मुलगी सुई मोडून रडत बसली, तिला समजवा. संध्याकाळी रेघा मोजल्या तर एकतीस. त्यांतल्या सात मास्तरच्या!

थोरलीनं त्या पुन्हा एकदा स्वतः मोजल्या. ज्याचा पगार मिळतो तेवढंच आपल्याला येतं, असं ती आजवर धरून चालली होती. तिनं कोरा कागद मागून घेतला आणि दोन्ही बाजू भरून लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी तो सगळ्यांसमोर वाचला. मास्तर खो खो हसला. "घडी घालणारी बाई मुकादम? लोक हसतील!"

"हसू देत," थोरली म्हणाली. "काल तुम्ही सात वेळा मला विचारायला आलात, तेव्हा कुणी हसलं नाही."

आता मात्र सगळा कारखाना हसला. मालकीणबाईंनीही पदर तोंडाला लावला.

"सगळं येतं म्हणता, मग नऊच गुण का?" त्यांनी विचारलं.

"पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उठवता येत नाहीत. शिकवलंत तर पुढच्या वर्षी दहा."

मालकीणबाईंनी तिथल्या तिथे सही केली.

सोमवारी थोरली मुकादमाच्या खुर्चीत बसली. खुर्ची जुन्या मुकादमाच्या मापाची, पाय जमिनीला टेकेनात. समोरून धाकटी हसू दाबत बघत होती. थोरलीनं सुताराला हाक मारली आणि आपला पहिला हुकूम सोडला, "पाय चार बोटं कापा. माझे नाही हो, खुर्चीचे!"