चालून बरी झालेली बाई

संधिवाताने धरलं तेव्हा ती पडदे शिवायच्या कारखान्यात होती. हा म्हातारपणचा संधिवात नव्हे, डॉक्टरीणबाईंनी समजावलं. शरीराची राखण करणारी शक्तीच फितूर होऊन सांध्यांवर उलटते. गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि रोज झेपेल तेवढं चालायचं.

सोबत मिळाली मैदानावर. असल्याच दुखण्याच्या पाच-सहा जणी तिथे सकाळी फेऱ्या मारायच्या. सगळ्यांच्या पुढे असायची तिला सगळ्या कप्तान म्हणायच्या. पूर्वी शाळेत खेळ शिकवायची. मान ताठ, पावलं झपाझप. मागे वळून म्हणायची, "काय गं, मुंग्या मोजतेयस का?"

सख्ख्या बहिणीला सांगितलं नसतं ते तिने कप्तानला सांगितलं. बोटं इतकी आखडतात, की बटणं नवऱ्याकडून लावून घ्यावी लागतात.

"मी गोळ्या कधीच सोडल्या," कप्तान एकदा म्हणाली. "पोटाची नुसती चाळण होते. चालले आणि बरी झाले. माझ्याकडे बघ."

तिने बघितलं. घरी येऊन गोळ्या कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिल्या.

"डॉक्टरांना विचारलंस का?" नवरा म्हणाला.

"त्यांना थोडंच दुखतंय?"

आधी बरं वाटलं, मळमळ थांबली. मग एके सकाळी गुडघे लाकडासारखे झाले, मनगटं सुजली. तिने ती कप्तानला दाखवली.

"साठलेलं बाहेर पडतंय," कप्तान म्हणाली. "थांबू नकोस, चाल."

ती दात-ओठ खात चालली. शेवटी हातात कात्रीही धरवेना, तेव्हा नवऱ्याने तिला इस्पितळात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनसाठी आतल्या खोलीत पाठवलं. तिथे खिडकीपाशी हाताला सलाईन लावून कप्तान मासिक चाळत बसली होती. नर्स तिला म्हणत होती, "या वेळी औषधाची तारीख पाळलीत हं, मावशी. मागच्यासारखी दांडी नाही."

कप्तानने मान वर केली आणि मासिक मिटलं.

"तुम्ही तर सगळं सोडलं होतंत," ती म्हणाली.

"अगं, मी चालून बरी झाले म्हटलं म्हणून तुम्ही सगळ्या चालायला लागलात. औषधाने झाले म्हटलं असतं, तर माझ्यामागे कोण आलं असतं?"

"मी तुमचं ऐकून गोळ्या बंद केल्या."

"बंद कर असं मी कुठे म्हटलं?"

"मनगटं दाखवली तेव्हा तरी सांगायचंत."

कप्तानने मासिक पुन्हा उघडलं.

औषधं पुन्हा सुरू झाली. सूज उतरली, पण उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं राहिलं ते राहिलंच. पाय चालायला लागल्यावर ती मैदानावर गेली. तिथल्या दोघींनी तिच्यासारख्याच गोळ्या सोडल्या होत्या, त्यांना तरी सावध करावं म्हणून. कप्तान स्वतः इस्पितळात औषध घेते, हे तिने सगळ्यांदेखत सांगितलं.

कप्तान हसली. "हिला जमलं नाही, म्हणून आता खापर माझ्या डोक्यावर."

बाकीच्या जणी खाली बघायला लागल्या. "जाऊ दे ना," एक म्हणाली, "सकाळी सकाळी कशाला वाद?" आणि त्या कप्तानच्या मागे पुढच्या फेरीला निघाल्या. गोळ्या सोडलेल्या दोघीही त्यांच्यात होत्या.

आता ती घरामागच्या रस्त्याने चालते. नवरा सोबत येतो. त्याला चालायचा भारी कंटाळा, प्रत्येक बाकावर टेकतो. त्याचं तिला काही वाटत नाही. पण पुढून बायकांचा घोळका हसत येताना दिसला, की ती बोलता बोलता थांबते आणि बाजूच्या गल्लीत वळते.