ताकातली डहाळी

चंद्राबाईचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. "सुले, पिच्चरची तबकडी आली बग. शेफालीनं घरला धाडली. तुज्याकडं मशीन हाय ना?"

मशीन होतं. मंदारनं, माझ्या मुलानं, बारा वर्षांपूर्वी माझ्या भजनांसाठी घेतलेला डीव्हीडी प्लेअर अजून चालतो. तरी मी म्हणाले, "बिघडलंय गं ते. दसऱ्यानंतर बघू."

"बरं," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मी मटाराची सालं टोपात आणि दाणे सुपात टाकायला लागले.

चंद्राबाई आणि मी राजगडाच्या पायथ्याच्या पालीतल्या, एकाच आळीतल्या. तिसरीपर्यंत एका फळ्यासमोर बसलो. पुढं मामांनी मला भोरला आणलं, मी शिकले, शिक्षिका झाले, एकतीस वर्षं नोकरी केली. ती गावातच दिली आणि तिथंच राहिली. आमच्या दोघींत कुणी काही मिळवायचं असेल तर ते मी, असं जणू ठरूनच गेलं होतं. खरं सांगते, मला त्याची सवय लागली होती.

तीन वर्षांपूर्वी शेफाली नावाची पुण्याची मुलगी गडाच्या पायथ्याला सिनेमा करायला आली. पैसेवाल्या कंपनीचा नव्हे. आठ-दहा मित्रमैत्रिणींनी मिळून केलेला. गोष्ट बारा वर्षांच्या पोरीची. ती वर येणाऱ्यांना ताक विकायला कळशी घेऊन राजगड चढते, आणि त्या एका वर्षात तिला जग कळायला लागतं. पोरीच्या कामाला विंझरच्या शाळेतली श्रावणी मिळाली. आजी मिळायची होती. कुणीतरी शेफालीला माझं नाव सांगितलं. लहानपणी ताक घेऊन गड चढलेली, शिवाय शुद्ध बोलणारी, आणखी काय हवं?

तिनं आधी भोरला येऊन कॅमेऱ्यासमोर माझ्याशी गप्पा मारल्या. सात मिनिटं. निवडीसाठी असतं म्हणे तसं. जाताना म्हणाली, "आजी, पुढच्या सोमवारी पालीला या. एकदा उन्हात बघू."

उन्हात बघू म्हणाली, म्हणून मी त्या आठवड्यात दुसऱ्यांदा केस काळे केले. पहिल्यांदा ती घरी यायच्या आदल्या दिवशी केले होते, पण मुळाशी पांढरं दिसत होतं. आमच्याकडं फोटो काढायचा म्हटलं की बाई नीटनेटकी होणारच. लग्नात, निवृत्तीच्या समारंभात, कुठंही. सिनेमातल्या आजीला पांढरे केस लागतात हे मला कुणी सांगायला हवं होतं. शेफालीनं उन्हात माझ्या डोक्याकडं पाहिलं, मग तिच्या कॅमेरावाल्याकडं. तेवढ्यात चंद्राबाई गोवऱ्यांची पाटी घेऊन समोरून गेली. डोक्यावरचा पदर मागं सरकलेला, केस कापसासारखे. "त्या कोण?" शेफाली म्हणाली.

संपलं.

पुढं सिनेमा कुठकुठल्या महोत्सवांत गेला. वेल्ह्यात चंद्राबाईला शाल मिळाली. पेपरात फोटो आला. भाजीवाली मला म्हणायची, "बाई, ती पिच्चरमधली आजी तुमच्या गावची ना? ओळख हाय का तुमची?" ओळख आहे का! पुण्याच्या एका थिएटरात तो एक आठवडा चालला. नेमकं त्याच आठवड्यात चंद्राबाईच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. म्हणजे सगळ्या जगानं तिला पाहिलं, तिनं स्वतःला नाही. मला त्यात थोडं बरं वाटलं होतं. लपवत नाही.

मग मोबाईलवर सिनेमे दाखवणाऱ्या कंपन्यांपैकी कुणी तो घेईना, म्हणून शेफालीनं घरी पाहायला डिस्क काढायची ठरवली. तेव्हा तिचा फोन आला. "आजी, डिस्कवर जादा भाग देतोय. कशी निवड केली ते. तुमची ती सात मिनिटं घेऊ का?"

मी लगेच हो म्हणाले. सात मिनिटं तर सात मिनिटं. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं, त्या सात मिनिटांत मी काय बोलले होते.

म्हणून मशीन बिघडलं होतं.

चंद्राबाईनं दसऱ्याची वाट पाहिली नाही. चार दिवसांनी सकाळी अकराला ती दारात उभी. पालीहून नसरापूर, नसरापूरहून भोर, दोन एसट्या बदलून. "म्हणलं, तुज्या गावात दुरुस्तीवाला आसंल. मशीन घिऊन जाऊ दोगी."

माझी सून प्रेरणा आतून पाणी घेऊन आली. "कसली दुरुस्ती? आईंनी काल संध्याकाळीच तर भजनं लावली होती."

चंद्राबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी प्रेरणाला चहा टाकायला सांगितलं. चंद्राबाई म्हणाली, "झालं आसंल आपोआप बरं. माजं गुडगं बी होत्यात तसं." आणि पिशवीतून डिस्क काढली. वेष्टनावर तिचाच चेहरा, सुरकुतीन् सुरकुती. मला डिस्क पाठवली नव्हती शेफालीनं.

प्रेरणानं लावली. चंद्राबाई पडद्यापासून दोन हातांवर सतरंजीवर बसली, नव्या डोळ्यांना चष्मा लावून. पडद्यावर स्वतः पहिल्यांदा दिसली तेव्हा म्हणाली, "म्या येवढी काळी हाय व्हय? कुनी बोललं कसं न्हाई आजवर?"

"सगळ्यांना माहीतच होतं," मी म्हणाले.

"तू गोरी आसूनशान काय दिवं लावलंस," ती म्हणाली, आणि दोघी हसलो. तिचं हसू खरं होतं.

सिनेमा चांगला होता. वाईट असता तर बरं झालं असतं. चंद्राबाई त्यात काहीच करत नव्हती, चूल फुंकत होती, पाय चेपत होती, आणि नजर तिच्यावरून हलत नव्हती. मध्यावर एक प्रसंग आला. नात पहिल्यांदा कळशी घेऊन निघते. आजी तिला थांबवते, अंगणातल्या जांभळीची डहाळी मोडते, पाण्यातून काढून कळशीत टाकते. एक शब्द नाही. पोरगी चढायला लागते आणि ताक हिंदकळत नाही.

"ह्ये बग," चंद्राबाई माझ्या मांडीवर हात मारून म्हणाली. "ह्ये त्या शेफालीनंच मला करायला लावलं. म्हणली, आजी, डहाळी टाका. म्या म्हणलं, हिला कुनी सांगितलं? डहाळी टाकनारी आमच्या आळीत म्या येकलीच. बाकीच्या फडकं बांदायच्या. लई इच्यार केला म्या."

मला माझा पहिला चढ आठवला. मी नऊ वर्षांची होते. पहिल्याच चढाला माझी कळशी निम्मी झाली होती, ताक मानेवरून पाठीवर ओघळत होतं, मी रडत होते. चंद्रीनं तिच्या कळशीतली डहाळी काढून माझ्या कळशीत टाकली होती आणि स्वतः वाटेतल्या झाडाची दुसरी घेतली होती.

सिनेमा संपला. नावं वर सरकायला लागली तशी मी रिमोटकडं हात नेला. "चला, जेवून घ्या."

"थांबा आई," प्रेरणा म्हणाली. "जादा भाग आहेत. अहो, यात तुमचं नाव दिसतंय."

"राहू दे. भात निवतोय."

"निवू दे की," चंद्राबाई म्हणाली. "लाव गं पोरी."

पडद्यावर मी आले. कोळशासारखे केस, इस्त्रीची साडी, हात मांडीवर. वर्गात बोलावं तशी बोलत होते. मग शेफालीचा आवाज विचारतो, ताक सांडायचं नाही का हो चढताना? आणि मी सांगते, "मी जांभळीची डहाळी टाकायचे त्यात. मला कुणी शिकवलं नाही, माझं मलाच सुचलं. माझी एक मैत्रीण होती, तिलाही मीच दाखवलं."

प्रेरणा कौतुकानं माझ्याकडं बघत होती. चंद्राबाई पडद्याकडं.

"परत लाव," ती म्हणाली.

प्रेरणानं परत लावलं. चंद्राबाईनं चष्मा काढून पदरानं पुसला, घातला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं बोलतीस," ती म्हणाली. "मला आख्ख्या पिच्चरमदी धा वाक्यं न्हाईत." मग पडद्याकडंच बघत, "येक मैत्रीन व्हती म्हणलीस. व्हती व्हय?"

"चंद्रे, ते तेव्हा बोलण्याच्या ओघात..."

"भूक लागली," ती म्हणाली.

ती पोटभर जेवली, भात मागून घेतला, प्रेरणाच्या आमटीला चांगलं म्हणाली. मी वाढायला गेले तर ताट प्रेरणाकडं सरकवलं. निघताना मी म्हणाले, "डिस्क राहू दे इथं. तुझ्याकडं मशीन कुठंय?"

"न्हाई मशीन. तबकडी हाय." तिनं ती वेष्टनात घातली, वेष्टन पिशवीत, पिशवी काखेत.

मी स्टँडपर्यंत गेले. सांगायचं होतं की सहा महिने त्या काळ्या केसांनी मला आरशात बघू दिलं नाही. की आयुष्यात एकदाच काही हुकलं, आणि ते तिला मिळालं, आणि मला ते गिळता आलं नाही. पण तिचं काय काय हुकलं होतं याची यादी मला पाठ होती, म्हणून बोलले नाही.

नसरापूर गाडी लागली. ती खिडकीशी बसली, मी खाली उभी. कंडक्टर आत चढता चढता थबकला. "आजी, तुमी त्या पिच्चरमधल्या ना? ताकवाल्या?"

"व्हय," चंद्राबाई म्हणाली. मग बोट माझ्याकडं. "ही बी हाय त्यात."

"व्हय? ह्या कुठं हायेत?"

"शेवटाला हाय. डहाळीचं सांगती. नीट ऐका."

ती मला टोचत होती की सांभाळून घेत होती, मला कळलं नाही. तिचा चेहरा सिनेमात होता तसाच होता, काही न करणारा.

कंडक्टरनं माझ्याकडं एकदा पाहिलं, मान डोलावली, आणि आत जाऊन खिशातून मोबाईल काढला. "आजी, एक फोटो काढू का?"

चंद्राबाईनं पदर सारखा केला. मी फोटोत येऊ नये म्हणून बाजूला सरकले. त्यानं कॅमेरा धरला होता तो गाडीच्या आतून, तिच्या पलीकडं, खिडकीच्या खाली उभी असलेली मी दिसणारच नव्हते.